शिफारशीबाहेरची

चष्म्याच्या दुकानातल्या यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवून कल्याण आतला रस्ता बघत होता. सरळ लांब जाणारा रस्ता, आणि त्याच्या टोकाला आभाळात एक रंगीत फुगा. फुगा आधी धुरकट होता, मग यंत्रानं आपलं आपण काहीतरी फिरवलं आणि तो लख्ख झाला, पुन्हा विरघळला. "पापणी हलवू नका, सर," दुकानदार म्हणाला. तेवढ्यात मागून कुणीतरी "कल्याण सर ना?" म्हणालं आणि मान न वळवता त्यानं आवाज ओळखला. रामकिसन. त्याच्या बहिणीच्या ऑर्केस्ट्रात ढोलक वाजवणारा. रामकिसनला कुणी दिसलं की गप्प बसवत नसे. आईचा चष्मा न्यायला आल्तो, मोंढ्याच्या बाजारात फार गर्दी हाये, असं काहीबाही बोलून तो म्हणाला, "मंग रविवारी येताच ना बदनापूरला? ताईंचा शेवटचा कार्यक्रम." कल्याणची हनुवटी पट्टीवरच होती. त्याला बोलता आलं नाही. त्या गप्प बसण्यातून रामकिसनला काय ते उमगलं असावं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "हां. तुम्हाला सांगू नको म्हणल्या होत्या त्या. माझ्या तोंडातून गेलं, सर." फुगा पुन्हा धुरकटला. दुकानदार म्हणाला, "झालं, आता दुसरा डोळा."

दुकानातून बाहेर पडल्यावर कल्याण बराच वेळ उन्हात नुसता चालत राहिला. स्कूटर दुकानासमोरच राहिली आहे हे त्याला चौक ओलांडल्यावर आठवलं, तरी तो मागं वळला नाही. शेवटचा कार्यक्रम म्हणजे काय? दर्शूचं वय काही गाणं सोडायचं नव्हतं. हा प्रश्न आधी पडायला हवा होता, हे त्याचं त्यालाच कळत होतं. पण आधी आलं ते दुसरंच. तुम्हाला सांगू नको. जिल्ह्यात कुठंही गाण्याचा कार्यक्रम असला की संयोजक पहिला फोन त्याला करत. अंबड, परतूर, घनसावंगी, कुठलाही हॉल असो, पुढच्या रांगेतली एक खुर्ची त्याच्यासाठी रुमाल टाकून धरलेली असे. आणि सख्खी बहीण आपल्या माणसांना बजावून सांगते की भावाला कळू देऊ नका. त्याला अपमान वाटला. मग अपमानाच्या खाली हात घालून बघावं तसं त्यानं बघितलं, तर तिथं अपमान नव्हताच. ओल लागलेल्या भिंतीसारखं काहीतरी गार, फार दिवसांपासूनचं लागलं. त्यानं हात काढून घेतला.

कल्याण एका बियाणे कंपनीत उगवणीच्या तपासणीवर होता. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी ठेवायचं, दिवस भरले की उघडायचं, आणि कुठलं उगवलं, कुठलं नुसतं फुगून कुजलं ते सांगायचं. हे काम तो इतकी वर्षं करत होता की माणसांकडं आणि गाण्यांकडंही त्याची नजर तशीच जाई. त्याची खरी ओळख मात्र त्या कामाची नव्हती. जालन्याच्या एका साप्ताहिकात तो 'बघाच' नावाचं सदर लिहायचा. साप्ताहिक बंद पडल्यावर तेच सदर फोनवरच्या ग्रुपवर सुरू झालं, आणि ग्रुप वाढत वाढत बीड, परभणीपर्यंत पोचला. दर आठवड्याला तो दोन शिफारशी करी. एक जुना सिनेमा आणि एक कार्यक्रम. सिनेमा सहसा असा, की कुणाला नावही माहीत नसावं. मोठ्या झालेल्या नटनट्यांचे मोठं होण्याआधीचे, पडलेले, डब्यात गेलेले सिनेमे. त्याचं म्हणणं असं, की माणसाला आपण कसे दिसतो हे कळायच्या आधीचा चेहरा त्याच सिनेमांतून बघायला मिळतो. पुढं त्या चेहऱ्याला सवय लागते. तो लिही, "तिसऱ्या रिळात ही मुलगी पाण्याची घागर उचलते तेव्हा बघा. घागर खरोखर भरलेली आहे. पुढच्या आयुष्यात तिनं कधी भरलेली घागर उचलली नाही." लोकांना हे असलं आवडायचं. कार्यक्रमांचंही तसंच. गेलेल्या गायकांच्या नावानं जे ट्रिब्यूट शो होतात, त्यांतला कुठला जाऊन ऐकावा आणि कुठल्याला घरी बसून भजी खाल्लेली बरी, हे तो बिलकुल न कचरता सांगे. त्याच्या शब्दावर लोक मुलाबाळांना घेऊन संभाजीनगरला जायचे आणि दुसऱ्या दिवशी फोन करायचे, "सर, तुम्ही म्हणले म्हणून गेलो, बराबर होतं तुमचं." ते ऐकताना त्याला एक शांत, पोटभर सुख होई. त्याच्या शब्दाला वजन होतं, कारण तो कुणाचं ऐकत नसे आणि कुणाचा वशिला चालू देत नसे. हे शेवटचं वाक्य त्यानं आतापर्यंत इतक्यांदा म्हटलं होतं, की चालता चालता ते ओठांवर आपसूक आलं आणि आज पहिल्यांदाच त्याला त्याची चव कळली.

बहिणीचं नाव प्रियदर्शनी. वडिलांनी, कडूबांनी, तालुक्याच्या सभेत कुणाच्या तरी तोंडून ते ऐकलं आणि त्यांना ते भारदस्त वाटलं. त्यांच्या गावात, कुंभार पिंपळगावात, त्या नावाची दुसरी मुलगी नव्हती. घरात कुणालाच ते तोंडभरून म्हणता येईना, म्हणून ती दर्शू झाली. पुढं तिचं लग्न बदनापुरात झालं, दोन मुलं झाली, आणि मुलं शाळेत जायला लागल्यावर तिनं, कुणाला फारसं न विचारता, ऑर्केस्ट्रात गायला सुरुवात केली. नवऱ्यानं हरकत घेतली नाही. माहेरच्यांनी घेतली. कडूबा तेव्हा होते. ते म्हणाले, "जागरण-गोंधळात गाणारी बाई येगळी, अन् टिकल्याचं लुगडं नेसून माईक धरणारी येगळी." कल्याणनं त्या वेळी बहिणीची बाजू घेतली होती, असं तो समजून चालला होता. आज चौकातल्या लिंबाच्या सावलीत उभं राहून त्यानं तो प्रसंग नीट आठवून बघितला. वडील बोलत होते. दर्शू पितळी डब्याचं झाकण उघडत-लावत होती. तो, कल्याण, खिडकीशी उभा होता आणि काही बोलला नव्हता. वडिलांच्या विरोधात न बोलणारा आणि बहिणीच्याही विरोधात न बोलणारा. घरात सगळेच जोरात बोलत असताना त्याच्या न बोलण्याला दर्शूनं आधार मानलं होतं, आणि तिनं मानलं म्हणून त्यानंही.

ती कुंदनबालाची गाणी गायची. काळ्या-पांढऱ्या सिनेमाच्या दिवसांतली, स्वतःच अभिनय करणारी आणि स्वतःच गाणारी ती नटी जाऊन जमाना झाला होता, पण मराठवाड्यात तिला मानणारी घरंच्या घरं होती. 'कुंदनबाला: एक सुरेल आठवण' असा फ्लेक्स लागला की मंगल कार्यालय भरायचं. दर्शूचं नाव अंबड-घनसावंगीकडं झालं होतं. 'बघाच'मध्ये ते एकदाही आलं नाही. एकदाच, फक्त एकदाच, तिनं फोन केला होता. जालन्याच्या मोठ्या नाट्यगृहात तिचा पहिलाच कार्यक्रम होता. इकडचं-तिकडचं बोलून ती म्हणाली, "दादा, या रविवारी दोन ओळी टाक की माझ्याबद्दल. चांगलं लिही म्हणत न्हाई. नुसतं हाये म्हणून लिही." तो म्हणाला, "दर्शू, बहिणीबद्दल लिहिलं तर उद्या माझ्या शब्दाला काय राहील?" मग ती म्हणाली, "बराबर हाये तुझं." तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं, त्याचं उत्तर त्याच्याकडं तयार होतं. त्या रविवारी त्यानं पुण्याच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीची शिफारस केली. त्यांचा कार्यक्रम दर्शूच्या कार्यक्रमाच्याच संध्याकाळी संभाजीनगरला होता. हे त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. ती पार्टी खरोखरच चांगली होती.

दर्शूच्या त्या कार्यक्रमाला तो गेला होता, मागच्या दारानं, दिवे मालवल्यावर. नाट्यगृह निम्मं रिकामं होतं. ती हिरव्या साडीत होती, केसांत चमकीची पिन. ती चांगली गात होती का? तेव्हा त्यानं ठरवलं होतं की ठीक गाते, सुरात आहे, पण नक्कल फार तंतोतंत आहे. आता त्याला एवढंच नक्की आठवत होतं, की त्याच्या मागच्या रांगेतला एक माणूस शेजाऱ्याला बाईबद्दल काहीतरी म्हणाला होता, गाण्याबद्दल नव्हे, आणि दोघं हसले होते. कल्याणनं मागं वळून बघितलं नाही. मध्यंतरात तो उठून निघून आला. स्कूटरवर वारा लागत होता आणि त्याचे कान तापलेले होते. घरी तृप्तीनं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "कसं झालं?" तो म्हणाला, "जायला जमलं न्हाई." तेव्हापासून बहीण-भाऊ भेटत राहिले, राखीला, भाऊबीजेला, लग्नाकार्यात. सोयाबीनचं, गुडघ्यांचं, पोरांच्या नोकऱ्यांचं बोलायचे. गाण्याची गोष्ट निघाली की दोघंही, झोपलेल्या लेकराला ओलांडून जावं तशी, अलगद ओलांडून जायचे.

गेल्या भाऊबीजेला तिचा आवाज बसला होता. "कफ झालाय का?" त्यानं विचारलं होतं. ती "हं" म्हणाली होती आणि त्याच्या ताटात आणखी एक करंजी ठेवली होती.

रविवारी सकाळी तृप्ती म्हणाली, "मावशीकडं जाऊन येते, संध्याकाळ होईल." तिनं ठेवणीतली साडी नेसली होती. कल्याणनं "बरं" म्हटलं. त्यालाही तेच सोयीचं होतं, कारण आपण कुठं निघालोय हे त्याला तिला सांगायचं नव्हतं. दुपारच्या पॅसेंजरनं तो बदनापूरला उतरला. स्टेशनपासून मंगल कार्यालय लांब नव्हतं, पण तो रस्ता चुकवत, कपाशीच्या सरकीचा वास येणाऱ्या एका गोडाऊनला वळसा घालून गेला, म्हणजे सुरुवातीची गर्दी आत बसून जाईल. गर्दी नव्हतीच. आत लग्नातल्या लाल खुर्च्या मांडलेल्या, त्यांतल्या पुढच्या सात-आठ रांगा भरलेल्या, बायका जास्त. भिंतीला आदल्या दिवशीच्या कुठल्यातरी लग्नाची झेंडूची तोरणं तशीच होती. एका कोपऱ्यात मोठा कूलर घरघरत होता. त्याच्या आडोशाला, शेवटच्या रांगेत कल्याण बसला. आणि मग स्टेजच्या बाजूचं दार उघडलं आणि तृप्ती बाहेर आली. तिच्या ओठांत दोन सेफ्टी पिना होत्या. आत कुणाच्या तरी साडीच्या निऱ्या करून ती आली होती. तिनं पिना काढून पर्समध्ये टाकल्या, आणि पहिल्या रांगेत अशी बसली, की ती नेहमी तिथंच बसत असावी. शेजारच्या बाईनं तिला पाण्याची बाटली दिली. दोघी काहीतरी बोलल्या. कल्याण बघत राहिला. आपल्या घरातून एक रस्ता इतकी वर्षं इथं येत होता आणि तो आपल्याला दिसला नाही. त्याला तृप्तीचा राग आला नाही. तिच्या पाठीकडं बघून त्याला एकदम फार एकटं वाटलं.

दर्शू खुर्चीत बसून गायली. ती उभ्यानं गायची, हे त्याला माहीत होतं. आता समोर माईक खाली ओढलेला, हातात गरम पाण्याचा थर्मास, गळ्याभोवती पदर. पहिल्याच गाण्यात वरच्या पट्टीला आवाज फाटला. कल्याणचे कान ताठ झाले, सवयीनं. इथं श्वास कमी पडला. इथं तिनं जागा गाळली. इथं की-बोर्डवाल्यानं सांभाळून घेतलं. तो ऐकत नव्हता, तो कागदाची गुंडाळी उघडून बसला होता. हे त्याच्या लक्षात आलं, तरी थांबवता येईना. रामकिसन ढोलक अगदी हलका वाजवत होता, आजारी माणसाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा. मधे पुंजाराम नावाचा संयोजक माईकवर येऊन म्हणाला, "डॉक्टरनं ताईंना गाणं बंद करा म्हणून सांगितलंय, घशाचं ऑपरेशन हाये. पण ताई म्हणल्या, एकदा समद्यांना भेटून घेते." म्हणजे हे सगळ्या हॉलला माहीत होतं. कूलरच्या आडोशाला बसलेला एक माणूस सोडून.

मग तिनं 'दीये की ओट'मधलं गाणं धरलं. कुणी टाळी वाजवली नाही, कारण ते कुणाला माहीतच नव्हतं. कुंदनबालाचा तो अगदी पहिला सिनेमा. त्यात ती नायिकाही नाही, नायिकेची विधवा नणंद आहे. सैपाकघरात पीठ मळता मळता एक गाणं म्हणते आणि सिनेमा पुढं निघून जातो. कल्याणनं तो तीनदा शिफारशीत घातला होता. पीठ मळणाऱ्या हातांवर त्यानं एक अख्खा परिच्छेद लिहिला होता. पण तो सिनेमा त्याला कुठं भेटला, हे त्यानं कधी लिहिलं नव्हतं, आणि आता तेच कार्यालयाच्या भिंती बाजूला सारून समोर येऊन उभं राहिलं. कुंभार पिंपळगाव, रविवारची दुपार, सोसायटीच्या खोलीतला टीव्ही. खताच्या रिकाम्या पोत्यांवर बसलेलं गाव. त्याच्या मांडीला टेकून दर्शू, दोन वेण्या, रिबिनीचा एक पीळ सुटलेला. गाणं सुरू झालं आणि अर्ध्यावर वीज गेली. टीव्हीवरचा चेहरा मधोमध एक पांढरा ठिपका होऊन विझला. लोक चुकचुकले, कुणी उठायला लागलं. तेवढ्यात त्या अंधाऱ्या खोलीत, त्याच्या मांडीपाशी, गाणं पुढं सुरू झालं. ती पोर पुढचं गात होती. पुढचं तिला माहीत नव्हतं, माहीत असणं शक्यच नव्हतं. शब्दांच्या जागी काहीतरी आपलंच, चाल मात्र अशी चालली होती, जसं ते गाणं तिकडंच जाणार होतं. उठलेली माणसं पुन्हा बसली. द्वारकाबाई, त्यांची आई, दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. कल्याणच्या अंगावर काटा आला होता, आणि त्यानं पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं होतं. बाहेर येऊन, ओट्यावर बसलेल्या पोरांना, चार गल्ल्यांत ऐकू जाईल असं ओरडून, "आमची दर्शू गायली, ऐका तुम्ही, ऐकाच." त्याच्या आयुष्यातली पहिली शिफारस ती होती. ती त्यानं कशी विसरली असेल? की विसरला नव्हता, नुसती गिळून बसला होता. पुढं शहरात आल्यावर, चार शहाण्या माणसांत बसल्यावर, गाव आणि पोती आणि रिबीन त्यानं त्या सिनेमातून कापून टाकली आणि फक्त कुंदनबालाचे हात ठेवले.

आता स्टेजवर दर्शू सिनेमातल्यासारखंच गात होती, स्वर न् स्वर. मूळ गाणं त्याला पाठ होतं. त्या अंधारातली चाल तिला आठवत तरी होती की नाही, कोण जाणे. तो वाट बघत होता की ती वळेल, पण ती वळली नाही. कुंदनबालाच्या मागोमाग, पावलात पाऊल टाकून, ती शेवटपर्यंत गेली. इतकी तंतोतंत नक्कल करायला तिला कुणी शिकवलं? तंतोतंत असेल तर कुणाला बोट ठेवता येणार नाही, असं तिला कुणामुळं वाटायला लागलं? त्यानं डोळ्यांवरचा नवा चष्मा काढला. कूलरचा ओला वारा तोंडावर येत होता.

कार्यक्रम संपल्यावर बायकांनी तिला वेढलं. कुणी ओटी भरली, कुणी नुसता हात धरून उभी राहिली. गर्दी पांगेपर्यंत कल्याण खुर्चीतच होता. तृप्तीनं त्याला बघितलं. ती दचकली नाही. जवळ येऊन म्हणाली, "आलात व्हय. जा आत, बसलीय ती." वधूपक्षाच्या खोलीत दर्शू आरशासमोर बसून केसांतल्या पिना काढत होती. आरशातच तिला तो दिसला.

"कोण सांगितलं तुला?" ती कुजबुजली. आवाज वाळलेल्या पानासारखा.

"रामकिसन."

"त्याच्या पोटात एक गोष्ट ऱ्हात न्हाई." ती हसली. "बस. चहा घेतला का?"

"मला का न्हाई सांगायचं, दर्शू?"

तिनं एक पिन काढून डबीत टाकली. मग दुसरी. "तू समोर असला की मला वाटतं तू मोजून राह्यला. त्या नाट्यगृहात पण आल्तास ना. मागून दुसऱ्या रांगेत, दारापाशी. स्टेजवरून समदं दिसतं, दादा. मध्यंतरानंतर खुर्ची मोकळी दिसली." ती थांबली, थर्मासमधलं पाणी घोटभर प्यायली. "म्हणलं, शेवटचं तरी कुणाच्या भ्याशिवाय गावं."

आज मी मोजत नव्हतो, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. ते खरं नव्हतं. मग तो म्हणाला, "दर्शू, तू फोन केल्ता त्या वर्षी, मी..."

तिनं हात वर केला. तळहातावर जुनी मेंदी फिकट झाली होती. "नको. तू बोलला तर मला पण काहीतरी बोलावं लागंल," ती म्हणाली. "अन् डॉक्टरनं बिलकुल बोलू नको म्हणलंय." आणि त्याच्याकडं बघून ती पुन्हा हसली, लहान पोरीला चुकवता आल्याचा आनंद व्हावा तसं. मग तिनं पर्समधून एक बर्फी काढून, कागदासकट, त्याच्या हातावर ठेवली.

संध्याकाळच्या गाडीत गर्दी नव्हती. तृप्ती खिडकीशी बसली, तो समोर. बाहेर शेतं काळी होत चालली होती आणि कुठंतरी तुराट्या जाळल्याचा धूर आडवा पसरला होता. मग तृप्ती आपण होऊन म्हणाली, "मी समद्याच कार्यक्रमांना जायची असं न्हाई. जमंल तेव्हा. तुम्ही कधी विचारलं असतं तर सांगितलं असतं." त्यानं मान डोलावली. फोन काढला. 'बघाच' उघडलं आणि लिहायला लागला. तो भरभर लिहीत होता, खाडाखोड न करता. बदनापुरात एक बाई कुंदनबालाची गाणी गाते. तिचा आवाज फाटलेला आहे आणि फाटतो तिथूनच आतलं दिसतं. तिच्या लहानपणी एका अंधाऱ्या खोलीत तिनं न ऐकलेलं गाणं पुरं केलं होतं. पीठ मळणारे हात विसरा, या बाईला ऐका. आपण इतक्या वर्षांत इतकं सरळ काही लिहिलं नाही, असं त्याला वाटलं. पुन्हा न वाचता त्यानं ते पाठवून दिलं.

लगेच उत्तरं यायला लागली. परतूरच्या कुणाचं तरी, "वा सर, पुढचा कार्यक्रम कधी?" अंबडच्या एका मास्तरांचं, "तिकीट कुठं मिळंल? घरचे समदे येतो." कल्याणनं लिहिलं, "आज झाला. शेवटचा होता." मग कुणीतरी विचारलं, "रेकॉर्डिंग असंल तर टाका की." जगातून हरवलेल्या सिनेमांच्या प्रिंटा त्यानं कुठून कुठून मिळवल्या होत्या. कोलकात्याच्या एका म्हाताऱ्याकडून, हैदराबादच्या एका भंगारवाल्याच्या माळ्यावरून. त्याच्या घरी लोखंडी कपाट भरून अशी गाणी होती, जी गाणाऱ्यांच्या पोरांकडंही नव्हती. त्यानं मान वर केली.

"तुझ्याकडं आहे का रेकॉर्डिंग? फोनमध्ये?"

"न्हाई," तृप्ती म्हणाली. "मी ऐकत होते."

त्यानं 'नाही' एवढंच लिहिलं. गाडी सिग्नलला थांबली. डब्यातला पंखा एकदम मोठ्यानं ऐकू यायला लागला. फोनवर परभणीचा एक अनोळखी नंबर उगवला. "फार छान लिहिलंय सर. या बाई कोण? नाव नाही टाकलं तुम्ही." कल्याणनं वर जाऊन आपलंच लिहिलेलं वाचलं. खरंच, नाव नव्हतं. फाटलेला आवाज होता, अंधारी खोली होती, नाव नव्हतं. मग त्यानं लिहिलं, "प्रियदर्शनी. माझी बहीण," आणि पाठवलं.

एरवी सारखा वाजत राहणारा ग्रुप काही वेळ गप्प झाला. तृप्तीनं पिशवी उचलली, जालना आलं होतं, माणसं दाराकडं सरकत होती. कल्याण उठायला लागला तेव्हा हातातला फोन एकदा थरथरला. त्याच परभणीच्या माणसानं, अगदी साध्या मनानं, विचारलं होतं, "मग आधी कधी सांगितलं नाही, सर?"

गाडी थांबली. मागचे लोक "चला, चला, उतरा जल्दी" म्हणत होते. तो तसाच दारात उभा होता, फोन हातात धरून, आणि खाली प्लॅटफॉर्मवरून तृप्ती त्याला हाक मारत होती.